दूध येतं का विचारता, मग ती कशी आहे तेही विचारा

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की ठरलेलं असतं. १९९२ पासून जगभर स्तनपान सप्ताह पाळतात, आपल्याकडे पण हेल्थ सेंटरात बॅनर लागतो, कोणीतरी पाहुणे येतात, आईचं दूध म्हणजे अमृत यावर भाषण होतं, गरोदर बायका खुर्च्यांवर बसून ऐकतात आणि चहा-बिस्किटं खाऊन घरी जातात. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर दुसरं भांडण सुरू होतं. एका बाजूला "हल्लीच्या मुलींना पाजायला नको, फिगर बिघडते ना" म्हणणारे काका-मावश्या, दुसऱ्या बाजूला "आईला गिल्ट देणं बंद करा, डब्याचं पाजलं तरी मुलं वाढतातच की" म्हणणाऱ्या चिडलेल्या तरुण आया, आणि मधे एखादे डॉक्टर दहा फायद्यांची यादी फॉरवर्ड करून गप्प. मला यातला कुठलाच पक्ष पटत नाही, कारण सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय की प्रश्न आईच्या मर्जीचा आहे, ती तयार आहे की नाही एवढाच. माझं म्हणणं सरळ आहे. स्तनपानाचं शिक्षण हवंच, आत्ता आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त हवं, पण आपण चुकीच्या विद्यार्थिनीला चुकीचा धडा शिकवतोय, आणि बाळंतपणानंतर आईच्या मनाचं काय होतं हा त्याच धड्याचा अर्धा भाग असताना तो आपण पुस्तकातून फाडून टाकलाय.

आधी धड्याचंच बघू. फायदे माहीत नाहीत म्हणून पाजत नाही अशी बाई मला अजून भेटायचीय. आमच्या गोव्यात डिचोलीत, पेडण्यात, वाळपईला कुठेही विचारा, चिकाचं दूध चांगलं, सहा महिने पाणीसुद्धा नाही द्यायचं, हे शाळेतल्या पोरी पण सांगतील. मग अडतं कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं हॉस्पिटलात झालेली दिसतात, पण जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी लावलं गेलं ते फक्त ४१.८ टक्के. म्हणजे आई हॉस्पिटलात आहे, बाळ हॉस्पिटलात आहे, डॉक्टर-नर्स सगळे हजर आहेत आणि तरी निम्म्याहून जास्त बाळांचा तो पहिला तास हुकतो. आता यात आईचं अज्ञान कुठे आलं? गोव्यात तर जवळजवळ सगळी बाळंतपणं हॉस्पिटलात होतात आणि त्याच सर्वेक्षणाप्रमाणे सिझेरियनचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. टाके पडलेत, पाय बधिर आहेत, कुशीवर वळता येत नाही, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि बाहेर उभी असलेली मावशी म्हणते पोर रडतंय हो, चमचाभर पावडरचं द्या. देतात. बाळ झोपतं. झोपलेलं बाळ ओढत नाही, आणि दूध हे ओढण्यावर बनतं, जितकं ओढेल तितकं, हे तर शरीराचं साधं गणित. दोन दिवस वरचं दूध गेलं की छाती त्याच हिशोबाने कमी बनवायला लागते, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे जाहीर करतात, हिला दूधच नाही. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच असतो आणि तेवढाच पुरतो, जन्मलेल्या बाळाचं वजन पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंत उतरतं आणि मग भरून येतं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल तर पोटात पुरेसं जातंय असं समजायचं, ही माहिती त्या अमृताच्या भाषणात कितीदा येते? बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भाग पण जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी, हे कोणी तिच्या शेजारी बसून हात धरून दाखवतं का? भेगा पडून रक्त येतं तेव्हा तिला अमृत आठवत नाही, दुखणं आठवतं.

शिकवायचं तर कोणाला, याचं उत्तर बेलारुसमधल्या एका प्रयोगात आहे, आणि मला आश्चर्य वाटतं की आपल्याकडच्या वादात तो जवळजवळ कोणीच काढत नाही. १९९६-९७ मधे तिथल्या ३१ प्रसूती हॉस्पिटलांमधे सतरा हजारांवर आई-बाळांना घेऊन हा अभ्यास सुरू झाला. काही हॉस्पिटलांच्या स्टाफला पाजायला मदत कशी करायची याचं नीट ट्रेनिंग दिलं, बाकीची होती तशी चालू ठेवली. तिसऱ्या महिन्याला निव्वळ आईचं दूध पिणारी बाळं ट्रेनिंगवाल्या गटात ४३.३ टक्के निघाली, दुसऱ्यात ६.४ टक्के. आया दोन्हीकडे सारख्याच होत्या, सगळ्यांनी पाजायला सुरुवात केलेलीच होती. बदलली ती वॉर्डातली वागणूक. आता सांगा, आपली सगळी पोस्टरं गरोदर बाईच्या तोंडासमोर लावण्यात काय पॉइंट आहे, ती लेबर रूमच्या आत लावा की.

पण हाच प्रयोग दुसऱ्या बाजूच्या हातात पण एक पत्ता देतो आणि तो लपवणं मला बरोबर वाटत नाही. आईच्या दुधाने मूल हुशार होतं हे आपण फार जोरात सांगतो. बेलारुसमधली ती मुलं साडेसहा वर्षांची असताना बुद्ध्यांकात खरंच फरक दिसला होता, पण सोळाव्या वर्षी परत तपासलं तेव्हा तो जवळजवळ विरून गेलेला, भाषेच्या बाबतीत थोडासा उरलेला. पहिल्या वर्षातले जुलाब-उलट्या कमी झाल्या, त्वचेची ॲलर्जी कमी झाली, ते फायदे पक्के आहेत आणि आपल्यासारख्या पावसाळी, पाण्याच्या तक्रारी असलेल्या ठिकाणी तेवढेही खूप झाले. मग "डब्यावर वाढवलंस तर पोर ढ राहील" असली भीती घालायची काय गरज? जी आई काही कारणाने पाजू शकली नाही तिच्या डोक्यात हे वाक्य दहा वर्षं राहतं, पोराला गणितात कमी मार्क पडले तरी ती स्वतःलाच दोष देते. तेव्हा गिल्ट देणं बंद करा म्हणणाऱ्यांचा राग पूर्ण खरा आहे. फक्त त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, की शिकवणंच बंद करा, तो मला मान्य नाही, आणि का ते सांगते.

बाळंतपणानंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत विनाकारण रडू येणं, चिडचिड, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आपोआप जातं. त्याला घाबरायचं नाही. पण काहींचं ते जात नाही, वाढत जातं, झोप बाळ झोपलं तरी येत नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही, आपण नसलेलंच बरं असे विचार येतात. हे परदेशातलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी म्हापशाला यावं. म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात, ज्याला जुनी माणसं अजून आझिलो म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांना सोबत घेऊन अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं. चारातली एक म्हणा ना. त्यातल्या बहुतेकींची लक्षणं गरोदरपणातच दिसत होती, आणि निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनी पण बऱ्या नव्हत्या. कारणं कुठली? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाली हे. हार्मोनवर सगळं ढकलून मोकळे होणाऱ्यांनी ही यादी परत एकदा वाचावी. अजून एक गोष्ट त्यात आहे जी मला सगळ्यात जास्त टोचते, डिप्रेशन असलेल्या बायका इतरांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात होत्या. त्या आपल्या समोर बसल्या होत्या, कंबर दुखते, चक्कर येते सांगत होत्या, कोणी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी याच मंडळींनी १७१ बाळांचा हिशोब मांडला. ज्यांच्या आईला डिप्रेशन होतं त्या बाळांमधे सहा महिन्यांना वजन आणि उंची कमी असण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं आणि मानसिक विकासाचे गुण पण कमी. हे कसं होतं ते समजायला फार विज्ञान लागत नाही. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला, आईला सांगितलं बाळाशी नेहमीसारखी खेळ आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेव. बाळं आधी हसून बघतात, हात हलवतात, आवाज काढतात, आईचं लक्ष परत आणायचा सगळा खटाटोप करतात, आणि काहीच चालेना झालं की मान फिरवतात, रडतात. दोन मिनिटांत ही गत, तर महिनोन् महिने ज्या घरात आईला हसायचं बळच नाही तिथे? म्हणून बाळाचा विकास म्हटल्यावर दूध एका फाइलीत आणि आईचं मन दुसऱ्या फाइलीत ठेवणं मला समजत नाही. बाळाला दोन्ही एकाच मांडीवर मिळतं.

आणि दोघांचा संबंध कसा आहे ते इंग्लंडमधल्या चौदा हजार आयांच्या माहितीवरून २०१४ च्या सुमारास पुढे आलं. गरोदरपणात ज्यांनी पाजायचं ठरवलं होतं आणि पाजता आलं, त्यांना डिप्रेशनचा धोका सगळ्यात कमी. ज्यांनी ठरवलं होतं आणि जमलं नाही, त्यांना सगळ्यात जास्त. बघा म्हणजे हे कसं दोन्ही पक्षांची पंचाईत करतं. सप्ताहवाल्यांना ते सांगतं की तुम्ही इच्छा जागवून मदत न देता सोडून दिलंत तर त्या बाईचं नुकसान करताय, नुसतं भाषण हे निरुपद्रवी नाहीये. आणि "जाऊ दे, डबा आण" म्हणणाऱ्यांना सांगतं की ज्या बाईला मनापासून पाजायचं होतं तिला डबा आणून दिला म्हणजे तिची सुटका झाली असं नाही, तिचं काहीतरी राहून गेलं. तिला मदत हवी होती, आणि ती नाहीच जमली तर कोणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं की तू कमी पडली नाहीस.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. डब्याबद्दल जरा सैल बोललात की कंपन्या आत शिरतात. हे खरंय, अगदी खरंय. गरीब देशांमधे पावडरच्या दुधाची जाहिरात आणि हॉस्पिटलांतून फुकट डबे, घाणेरडं पाणी, महाग पावडर म्हणून पातळ केलेलं दूध, त्यातून मेलेली बाळं, याच कारणाने १९७७ साली नेस्लेवर बहिष्काराची चळवळ झाली, १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेने मार्केटिंगची आचारसंहिता केली, आणि आपण १९९२ ला कायदाच केला, २००३ ला आणखी कडक केला. हा कायदा मला अभिमानाचा वाटतो आणि त्याला धक्का लागू नये. पण तो कायदा कोणाला बांधतो? कंपनीला, जाहिरातीला, फुकट सॅम्पलला, डॉक्टरांना मिळणाऱ्या गिफ्टला. आईचं तोंड बंद करायला तो केलेला नाही. ज्या बाईला खरंच वरचं दूध द्यावं लागतंय तिला पाणी कसं उकळायचं, मोजमाप कसं, वाटी-चमच्याने कसं पाजायचं हे नीट सांगितलं तर जाहिरात होत नाही, जुलाब टळतात. न सांगितलं तर ती मेडिकल स्टोअरवाल्याला विचारणार, आणि तिथे कंपनी आधीच उभी आहे. शिवाय आकड्यांच्या मागे लागलं की काय होतं ते या देशाने आणीबाणीत नसबंदीच्या टार्गेटमधे बघितलंय. निव्वळ स्तनपानाचा टक्का वर दिसायला हवा म्हणून नर्सवर दबाव आला तर बायका खोटं सांगायला लागतील, होय हो, फक्त अंगावरचंच देते, आणि मग आपल्याकडे छान आकडे असतील.

दुसरा आक्षेप आज्यांचा. आमच्यावेळी कसलं डिप्रेशन, सव्वा महिना बाळंतीण खोलीत, अंगाला तेल, शेक, पेज, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दहा बायका घरात, रडायला वेळ कोणाला होता. यावर हसू नये. त्यात जी सोय होती ती आज कुठलाही तज्ज्ञ लिहून देईल, आराम, जेवण आयतं, बाळाला घ्यायला दुसरे हात, आणि बाजूला एक बाई जिने स्वतः चार पोरं पाजलीत. पर्वरीच्या फ्लॅटमधे नवरा बोटीवर आणि सासू गावाला अशी एकटी बसलेली मुलगी त्या खोलीचा हेवा करेल. पण त्याच खोलीत पहिला चीक काढून टाकून मध नि गुळाचं पाणी पाजलं जायचं, मुलगी झाली तर लाडूंचं तूप कमी व्हायचं, आणि जी बाई भिंतीकडे तोंड करून पडायची तिला बाहेरचं काही झालंय म्हणून नारळ उतरवला जायचा. डिप्रेशन नव्हतं असं नाही, त्यासाठी डॉक्टरऐवजी दुसऱ्याच माणसाकडे जात होते. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, पुढे त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८६ च्या पदवीसाठीचा प्रबंध त्यांनी आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. परंपरा समजून घ्यायची तर अशी, नीट अभ्यासून. घरातल्या आजीला शत्रू करू नका, तिला वर्गात बसवा. खरी विद्यार्थिनी तीच आहे, कारण रात्री दोन वाजता बाळ रडलं की चमचा कोणाच्या हातात असतो?

आणि नवरा. आणि ऑफिस. आपण मराठी माणसं हिरकणीची गोष्ट फार प्रेमाने सांगतो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, ती कडा उतरून गेली, महाराजांनी गौरव केला आणि तिथे बुरूज बांधला. गडाचा बंदोबस्त होता, दरवाजा बंद होणारच, त्यात कोणाची चूक नाही. पण गोष्टीचा शेवट लक्षात घ्या, कौतुक झालं आणि त्या कड्यावरची वाट मात्र बुजली, परत कोणी उतरू नये म्हणूनच तो बुरूज. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष केले, चांगलंच केलं, पण आईच्या धाडसाचं नाव देऊन आपण दरवाज्याच्या वेळेचा विषय टाळतोच. २०१७ ला प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी, कागदावर सगळं आहे. आता किनाऱ्यावरच्या हॉटेलात सीझनपुरती कामाला लागणारी हाऊसकीपिंगची मुलगी घ्या, वेर्ण्याच्या फॅक्टरीत काँट्रॅक्टवर दर थोड्या महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात ती घ्या, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरल्याचा कागद ती कुठून आणणार? रजा मिळाली तरी त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी गेले तर हातात उरतात अठरा, आणि आपण सांगतो सहा महिने फक्त अंगावरचं. मासे विकणाऱ्या बाईला तर रजा हा शब्दच नाही. या बाईसमोर उभं राहून फायद्यांची यादी वाचणारा माणूस मला जरा निर्लज्जच वाटतो, माफ करा.

राहिला शेवटचा आक्षेप, की हे सगळं करायला माणसं कुठून आणायची, ओपीडीत डॉक्टरला एका बाईमागे पाच मिनिटं मिळत नाहीत. बरोबर आहे. म्हणून डॉक्टरने करायचंच नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमधे गावातल्याच आरोग्य सेविकांना मनाबद्दल बोलायला शिकवलं, डिप्रेशन असलेल्या ९०३ आया होत्या, सहा महिन्यांनी नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के अजून आजारी, आणि शिकवलेल्या सेविकांच्या गटात २३ टक्के. बाळांच्या वजनात फरक दिसला नाही हे पण सांगायला हवं, पण जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या, आई-बाप दोघंही बाळाशी जास्त खेळायला लागले. हीच पद्धत पुढे गोव्यात करून बघितली, इथे तर सेविका पण नव्हत्या, गावातल्याच साध्या बायका, ज्यांना सखी म्हटलं गेलं. २८० बायकांचा तो अभ्यास २०१९ ला आला. लक्षणांच्या तीव्रतेत मोठा फरक नाही, पण सहा महिन्यांत बऱ्या झालेल्या सखीच्या गटात ७३ टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के. चमत्कार नाहीये. पण औषध नाही, मशीन नाही, शेजारची एक शिकवलेली बाई येऊन बसते आणि त्यात एवढं होतं. ती बाई बसलीच आहे तर बाळ कसं लावलंय तेही बघेल ना? दोन वेगळ्या योजना, दोन रजिस्टरं, दोन सप्ताह कशाला?

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही. हॉस्पिटलातून सोडताना बाळंतिणीच्या हातात जो कागद देतात त्यावर टाके कधी बघायचे आणि लस कधी ते असतं, त्यात सहाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशी आईला विचारायचे दहा प्रश्न घाला. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची एडिनबरोची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून आहे, पाच मिनिटांत होते, वेटिंगमधे बसल्या बसल्या पण होते. नवऱ्याला किंवा सासूला त्याच वेळी आत बोलवा आणि पाजताना काय बघायचं ते दाखवा. आणि उत्तरं वाईट आली तर पुढचं पाऊल छापलेलं असू द्या, कारण बांबोळीला मेंटल हॉस्पिटलात पाठवलं हे गावात कळलं की पोरीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, तिथे जायच्या आधी निदान १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर तिच्याकडे असावा. औषध सुरू झालं तर पाजणं बंद करायलाच हवं ही पण एक अफवा आहे, डिप्रेशनवरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या चालू असताना डॉक्टरच्या देखरेखीखाली बाळाला पाजता येतं, तेवढं एक वाक्य पण त्या कागदावर छापा, मराठीत आणि कोंकणीत, आणि बांधकामावर राहणाऱ्या बायकांसाठी कन्नडमधे.